घरच्यांचा बाइट

आमच्या अंबड तालुक्यातली दोन माणसं साडेतीन वर्षांच्या अंतराने महाराष्ट्रातल्या प्रत्येक टीव्हीवर दिसू लागली. २०२०च्या मार्चपासून राजेश टोपे आणि २०२३च्या सप्टेंबरपासून मनोज जरांगे पाटील. एकाच्या घरात साखर कारखाना, मत्स्योदरी शिक्षण संस्था आणि त्या वेळी आमदारकी व राज्याचं आरोग्य खातं. दुसरा बीड जिल्ह्यातल्या मातोरीचा. पोटापाण्यासाठी शहागडला येऊन राहिलेला, हॉटेलात काम केलेला, चळवळीपायी जमीन विकलेला. दोघांचं राजकारण वेगळं, बोलणं वेगळं, त्यांच्याभोवती जमणारी माणसंही वेगळी. तरी दोघांकडे कॅमेरे वळले तेव्हा थोड्याच दिवसांत प्रश्नांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबली. ते ठिकाण म्हणजे त्यांचं घर.

करोनाच्या त्या दिवसांत टोपे रोज सायंकाळी खाटा, चाचण्या आणि रुग्णांचे आकडे सांगायचे. त्याच काळात त्यांच्या आई मुंबईच्या रुग्णालयात गंभीर आजारी होत्या. ही गोष्ट बाहेर आली आणि तिची बातमी झाली. आई अतिदक्षता विभागात आणि मुलगा राज्याच्या कामात, असं ते चित्र होतं. लोकांना ते भिडलं. आमच्याकडे तर त्याबद्दल अभिमानाने बोललं जायचं. ऑगस्ट २०२०च्या सुरुवातीला त्या माउली गेल्या. या बातमीत वाईट हेतू कुणाचा नव्हता. मंत्र्यावर त्या काळी किती ताण होता हे लोकांना कळणं योग्यच होतं. पण अंथरुणाला खिळलेल्या, स्वतःहून एक शब्दही न बोललेल्या एका वृद्ध स्त्रीचं आजारपण महिनोन् महिने मुलाच्या कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितलं गेलं, ही गोष्ट मला तेव्हाही बोचली होती. रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी असं जे खातं सांगतं, त्याच खात्याच्या मंत्र्याच्या आईच्या खाटेपर्यंत बातमी पोचली होती.

तीन वर्षांनी अंतरवाली सराटीत हेच घडलं. फक्त या वेळी ते फार मोठ्या प्रमाणावर घडलं.

अंतरवाली सराटी अंबड तालुक्यात, वडीगोद्रीजवळ, धुळे-सोलापूर महामार्गापासून आत. आजूबाजूला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, मोसंबी, कापूस. २९ ऑगस्ट २०२३ला तिथे मराठा आरक्षणासाठी जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं तेव्हा जिल्ह्याबाहेर त्याची फारशी दखल नव्हती. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी शरद पवार, उद्धव ठाकरे गावात आले. तिथून पुढे त्या मांडवात कॅमेऱ्यांना उभं राहायला जागा उरली नाही. ओबी व्हॅन महामार्गापासून गावापर्यंत लागल्या. मुंबई-पुण्याहून आलेले वार्ताहर गावातल्याच घरांच्या ओसरीवर झोपू लागले.

टीव्हीवर दिसणारं दृश्य आठवून पाहा. व्यासपीठावर गादी, उशाला लोड, गादीवर पडलेला बारीक अंगकाठीचा माणूस. पोटात अन्न नाही, कधी पाणीही घेतलेलं नाही. कधी हाताला सलाइनची सुई, तर कधी तीही काढून टाकलेली. आणि ओठांपासून वीतभर अंतरावर वेगवेगळ्या रंगांची, वाहिन्यांच्या नावांची बोंडकं लावलेल्या माइकचा घोस. आवाज खोल गेलेला, म्हणून माइक आणखी पुढे सरकवलेले. रक्तदाब तपासायला आलेल्या डॉक्टरांना वाट काढत यावं लागायचं. अशा अवस्थेतल्या माणसाला सरकारच्या प्रस्तावाबद्दल, कुणबी नोंदींबद्दल, निजामकालीन कागदपत्रांबद्दल प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते, कारण त्या विषयांसाठीच तो तिथे होता. पण त्यांच्या मागोमाग दुसऱ्या प्रकारचे प्रश्नही येत गेले. घरच्यांची आठवण येते का? लेकरांशी बोलणं झालं का? बायको काय म्हणाली? तुम्हाला काही झालं तर त्यांचं काय?

हा शेवटचा प्रश्न उपोषणाच्या सहाव्या-सातव्या दिवशी, खोकला आला तरी धाप लागणाऱ्या माणसाला विचारायचा आहे, हे लक्षात घ्या. अशा वेळी 'हा माझा खासगी विषय आहे' असं म्हणायलासुद्धा अंगात ताकद लागते. ती त्याच्यात नसते. तो उत्तर देतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि ते पाणी दिवसभर पडद्यावर फिरतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जरांगे पाटलांनी स्वतःच घराचा विषय काढला होता. आरक्षण मिळेपर्यंत घराचा उंबरा चढणार नाही, हे त्यांनी जाहीर सांगितलेलं होतं. जगलो तर तुमचा, नाहीतर समाजाचा, अशा आशयाचं घरच्यांना सांगून आलो आहे, हेही ते बोलले होते. म्हणजे घर सोडणं हा त्यांच्या आंदोलनाच्या भाषेचाच भाग होता. मराठवाड्यातल्या माणसाला ही भाषा लगेच कळते, कारण आपल्याकडे त्याग घराच्या मापानेच मोजतात. तेव्हा त्यांना घराबद्दल विचारणं मुळातच चूक, असं मी म्हणणार नाही. त्यांनी जेवढं दार उघडलं तेवढ्यातून आत डोकावणं ठीकच होतं.

पण कॅमेरे तेवढ्यावर थांबले नाहीत. ते त्यांच्या घरी गेले. पत्नीपुढे माइक आला, म्हाताऱ्या आई-वडिलांपुढे आला, मुलांपुढेही आला. या माणसांनी कुठलंही पद मागितलं नव्हतं, उपोषणाची घोषणा केली नव्हती, पत्रकार परिषद बोलावली नव्हती. प्रसिद्धी एका माणसाच्या वाट्याला आली आणि तिची किंमत सगळ्या घराने मोजायची, असं जणू ठरूनच गेलं. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. प्रसिद्ध माणसाचं घर आपोआप प्रसिद्ध होत नाही. तो बोलायला तयार आहे म्हणून त्याची बायको, आई, लेकरं बोलायला बांधलेली नाहीत.

असा बाइट घेतला जातो तो कसा, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना नवं वाटणार नाही. मुंबईतल्या डेस्कवरून तालुक्याच्या वार्ताहराला फोन येतो. तिकडे दुसऱ्या वाहिनीवर घरच्यांची मुलाखत चाललेली असते. 'त्यांच्याकडे आलंय, आपल्याकडे का नाही?' एवढंच विचारलं जातं. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक वेळा पगारी नसतो. जेवढ्या बातम्या लागतील तेवढे पैसे, मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. तो निघतो. घरासमोर आधीच चार गाड्या उभ्या असतात. घरातली बाई पदर सावरत बाहेर येते, चहाचं विचारते, कारण दारात आलेल्या माणसाला चहा विचारायचा असतो एवढं तिला माहीत असतं. मग तिला सांगितलं जातं, ताई, इथं बसा, मागं फोटो दिसू द्या. जरा चुलीपाशी काम करताना एक शॉट घेऊ. आता गेटपासून चालत या. लहान माइक तिच्या पदराला लावला जातो. पहिला प्रश्न साधा असतो, दुसराही. ती तुटक उत्तरं देते. मग तिसरा प्रश्न येतो. मालकांची काळजी वाटत नाही का? ती बोलता बोलता थांबते. विचारणारा गप्प राहतो. या धंद्यात मुरलेल्या माणसाला ठाऊक असतं की इथे आपण काहीच बोलायचं नाही. कॅमेरा चेहऱ्याच्या आणखी जवळ जातो. पाच-दहा सेकंदांत डोळे भरतात. काम झालेलं असतं.

यात कुणी खोटं बोललं नाही की कुणी दमदाटी केली नाही. म्हणून ते गैर आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. पण त्या बाईला आपण नाही म्हणू शकतो, हे कुणी सांगितलं होतं? हे किती लोक पाहणार आहेत, किती दिवस पाहणार आहेत, त्याच्याखाली लोक काय काय लिहिणार आहेत, याची कल्पना तिला कुणी दिली होती? संमती म्हणजे काय याचा विचार आपण डॉक्टरच्या सहीच्या कागदापुरता करतो. माइक लावतानाही ती लागते, हे आपल्या पत्रकारितेत अजून पुरतं रुजलेलं नाही.

त्यात गावातल्या रीतीची अडचण आहेच. शहरात राहणारी नटी मॅनेजरमार्फत प्रश्न आधी मागवून घेते, नको ते वगळायला लावते, मनाविरुद्ध झालं तर उठून जाते. गावातल्या बाईला पाहुण्याला 'जा' म्हणणं शिकवलेलंच नसतं. शेजारच्या बाया ओसरीवर उभ्या असतात, दीर-भाचे कौतुकाने मोबाइलवर चित्रण करत असतात. आपण बोललो नाही तर आंदोलनाचं नुकसान होईल, समाज काय म्हणेल, हे दडपण वेगळंच. अशा गर्दीत मिळालेल्या होकाराला मी होकार म्हणायला तयार नाही.

लाठीमारात जखमी झालेल्या माणसांचं तर विचारूच नका. अंबडच्या रुग्णालयात आणि गावातल्या घरांत त्यांच्याकडे कॅमेरे गेले. कुठं लागलं, दाखवा. तो प्रश्न पुराव्यासाठी गरजेचा होता, हे मान्य करायला हवं. गावकऱ्यांच्या अंगावरचे वळ दिसले नसते तर झालेली मारहाण कुणी मानलीही नसती. ४ सप्टेंबरला तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली, त्यामागे त्या चित्रांचाही वाटा होता. म्हणून मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. पण वळ एकदा दाखवल्यावर पुरावा झाला. तीच बाई, तेच वळ, पाचव्या वाहिनीसाठी पाचव्यांदा आणि वर 'त्या वेळी मनात काय आलं?' हा प्रश्न, यात पुराव्याचं काही उरत नाही. मार खाल्लेल्या माणसाला तो मार दर तासाला पुन्हा आठवायला लावणं, एवढंच त्यात राहतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये लक्ष्मण हाके यांनी वडीगोद्रीला ओबीसी आरक्षणासाठी उपोषण केलं तेव्हा कॅमेरे तिकडेही वळले. दोन मांडव एकाच तालुक्यात, थोड्या अंतरावर. दोन्हीकडच्या मागण्या एकमेकींना छेद देणाऱ्या. पण दोन्हीकडे उपाशी माणूस, त्याच्या तोंडाशी माइक, आणि चित्र सारखंच. त्यामुळे हा कुठल्या एका बाजूच्या लोकांचा तक्रारीचा मुद्दा नाही, हे आमच्या तालुक्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. अठरापगड जातींच्या घरांतल्या बायका-पोरांना हा त्रास सारखाच होणार आहे.

खासगी प्रश्न आणि मराठी माणूस यांचं नातं असं नेहमीच होतं का? मला हंसा वाडकर आठवतात. १९५९च्या 'सांगत्ये ऐका' या अनंत मानेंच्या चित्रपटाने पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३२ आठवडे मुक्काम ठोकला होता. त्या चित्रपटाच्या या नायिकेने पुढे आपली कहाणी सांगितली, ती अरुण साधूंनी शब्दबद्ध केली, 'माणूस' नियतकालिकात आली आणि १९७०मध्ये चित्रपटाच्याच नावाने पुस्तक झाली. त्यात लग्न आहे, दारू आहे, घर सोडणं आहे, फसवणूक आहे, पुरुषांच्या हातून झालेला छळ आहे. आजच्या कुठल्याही मुलाखतकाराला जे विचारायची हिंमत होणार नाही, ते सगळं त्यात आहे. तरी ते वाचताना अवघडल्यासारखं होत नाही, कारण सांगणारी तीच आहे. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, हे तिने ठरवलंय. ऐकणारा घाईत नाही. श्याम बेनेगल यांनी त्यावरून १९७७मध्ये 'भूमिका' काढला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अतिशय खासगी असलेली एक कहाणी मराठी समाजाने जपून ठेवली, ती हंसाबाईंनी आपणहून दिली म्हणून.

आता त्याच्या शेजारी २०१६चा उन्हाळा ठेवून पाहा. 'सैराट' २९ एप्रिलला लागला. त्यातली आर्ची, अकलूजची रिंकू राजगुरू, तेव्हा शाळेत होती. मराठी चित्रपटाने पहिल्यांदाच शंभर कोटींवर कमाई केली आणि राज्यभर तिच्या नावाने वेड लागलं. त्या दिवसांतल्या मुलाखतींमध्ये तिला बुलेट चालवण्याबद्दल आणि नागराज मंजुळेंबद्दल विचारलं गेलं, ते ठीकच. पण खऱ्या आयुष्यात कुणी परश्यासारखं आहे का, या वळणाचे प्रश्नही होते, आणि ऐकणारे हसत होते. समोर नटी आहे असं समजून विचारणाऱ्यांपुढे खरं तर दहावीला जाणारी मुलगी बसलेली होती. पुढे गर्दीमुळे तिला शाळेत जाणंच अवघड झालं, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यावी लागली. निकाल लागला तेव्हा तिचे टक्के वर्तमानपत्रांत छापून आले. दहावीच्या मुलीचे मार्क गल्लीत कळले तरी घरात रडारड होते. इथे ते अख्ख्या महाराष्ट्राला कळले.

त्याच वर्षी जुलैत सानिया मिर्झाच्या आत्मचरित्राच्या निमित्ताने राजदीप सरदेसाई यांनी घेतलेली मुलाखत अनेकांनी पाहिली असेल. ती जगातली पहिल्या क्रमांकाची दुहेरी टेनिसपटू होती. संसारात स्थिरावणार कधी, मूल कधी, असं तिला विचारलं गेलं. मी जगात पहिली असण्यापेक्षा आई होणं निवडलं नाही म्हणून तुम्ही निराश झालेले दिसता, असं तिने त्यांना सुनावलं. कितीही विम्बल्डन जिंकली तरी बाई स्थिरावली असं लोक मानत नाहीत, असंही तिने शांतपणे सांगितलं. सरदेसाईंनी तिथेच माफी मागितली. पुरुष खेळाडूला मी हे विचारलं नसतं, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. ती मुलाखत मला दोघांसाठीही महत्त्वाची वाटते. तिने प्रश्न नाकारला आणि त्यांनी तो मागे घेतला. हे आपल्याकडे फार क्वचित घडतं.

पुरुषांचं वेगळं होतं. मुलाखतीत बाईला घर विचारतात ते तिच्यात उणं शोधायला, आणि पुरुषाला घर विचारतात ते त्याची थोरवी मोजायला. मूल नाही, स्वयंपाक येत नाही, नवऱ्याला वेळ देत नाही, असं बाईकडून कबूल करून घ्यायचं असतं. पुरुषाने घर सोडलं तर मात्र तो मोठा ठरतो, आणि त्याचं मोठेपण सिद्ध करायला त्याच्या बायकोने रडून दाखवायचं असतं. अंतरवालीच्या दिवसांत हेच झालं असं माझं स्पष्ट मत आहे. त्या माउलीच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या दुःखासाठी कुणाला नको होतं. तिच्या नवऱ्याच्या त्यागावर शिक्का मारायला ते हवं होतं. घरातली चूल, पोरांची फी, म्हाताऱ्यांची औषधं हे सगळं ती एकटी कसं रेटते, हे विचारायची सवड फारशी कुणाला झाली नाही. ते विचारलं असतं तर तिचीही ओळख लोकांना झाली असती.

अश्रू कॅमेऱ्यासमोर आले म्हणजे सगळं वाईटच, असंही नाही. २००० साली करण थापर यांच्या मुलाखतीत मॅच फिक्सिंगच्या आरोपावर बोलताना कपिलदेव ढसाढसा रडला होता. प्रश्न सार्वजनिक होता, आरोप सार्वजनिक होता. रडू आलं ते अपमानाचं होतं. तो प्रश्न विचारणं गरजेचंच होतं. ४ जुलै २०२२ला विधानसभेत एकनाथ शिंदे आपल्या दोन मुलांच्या बुडून झालेल्या मृत्यूबद्दल बोलताना गहिवरले, ते त्यांनी स्वतः सांगितलं होतं, स्वतःच्या वेळी, स्वतःच्या जागी उभं राहून. पण एकदा असं कुणी बोललं की पुढच्या मुलाखतींमध्ये तो विषय पुन्हा पुन्हा निघतो. एकदा सांगितलं म्हणजे कायमची परवानगी मिळाली, असं गृहीत धरलं जातं. शोकाच्या बाबतीत तरी असं गृहीत धरू नये. आज सांगावंसं वाटलं म्हणून उद्याही सांगावंसं वाटेल असं नसतं.

परवानगी कशी मिळवली, हेही पाहावं लागतं. १९९५मध्ये बीबीसीवर राजकन्या डायनाची मुलाखत झाली, कोट्यवधी लोकांनी पाहिली, तिच्या तुटलेल्या लग्नाबद्दलची तिची वाक्यं जगभर गाजली. पंचवीस वर्षांनी चौकशी झाली आणि मे २०२१मध्ये निष्कर्ष आला की मुलाखतकार मार्टिन बशीरने तिच्यापर्यंत पोचण्यासाठी बँकेची बनावट कागदपत्रं तयार करून घेतली होती. बीबीसीने माफी मागितली. ती स्वतः १९९७मध्येच गेली होती. आपल्या तालुक्यात कुणी बनावट कागद करत नाही. पण 'बाकीच्यांना दिलंय, आम्हालाच का नाही?', 'साहेबांनीच पाठवलंय', 'पाचच मिनिटं' अशा बारीकसारीक थापांवर किती दारं उघडतात, हे या धंद्यातले लोक जाणतात.

खासगी प्रश्नच नकोत, अशी मागणी मी करत नाही. तसं झालं तर सत्तेतल्या माणसांचं फावेल. आंदोलनाचा पैसा कुठून आला, बंद दाराआड कुणाशी बोलणी झाली, मंत्र्याच्या संस्थेला जमीन कशी मिळाली, उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात बायकोच्या नावावरची मालमत्ता दाखवली का, हे प्रश्न घराच्या आत जातात आणि ते गेलेच पाहिजेत. २००२-०३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांना आपली आणि जोडीदाराची मालमत्ता जाहीर करायला लावली ती याचसाठी. उपोषणाला बसलेल्या नेत्याची प्रकृती हाही लोकांचा प्रश्न आहे, कारण ती ढासळली तर राज्यभर काय पेटेल ते आम्ही पाहिलंय. त्याबद्दल डॉक्टरांना विचारावं, रोज विचारावं. पण त्यांच्या मुलीला 'बाबांना बघून काय वाटतं?' हे विचारल्याने लोकांच्या हातात काहीच येत नाही. ज्याच्या उत्तराने एकाही वाचकाला, एकाही मतदाराला काही ठरवायला मदत होत नाही, तो प्रश्न फक्त बघ्यांसाठी असतो.

नियम आहेत. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. त्याच्याही आधी, १९९४च्या ऑटो शंकर प्रकरणात, माणसाला आपलं लग्न, कुटुंब, मुलं, शिक्षण यांबाबत एकटं सोडलं जाण्याचा हक्क आहे, हे न्यायालयाने सांगितलं होतं. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत घर, कुटुंब, आरोग्य यांत सार्वजनिक हित असल्याशिवाय शिरू नये असं आहे. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संहितेतही खासगीपणाचं कलम आहे, आणि लहान मुलांना दाखवायचं तर पालकांची परवानगी हवी, हे त्यात आहे. हे सगळं कागदावर चांगलं आहे. पण जो तरुण अंबडच्या बसस्थानकासमोर मोबाइल ट्रायपॉडवर लावून स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवतो, तो यातल्या कुठल्याच संस्थेचा सभासद नाही. त्याला कुणी हे वाचून दाखवलेलं नाही. त्याच्यासमोर फक्त व्ह्यूजचा आकडा असतो, आणि रडणाऱ्या आईच्या चेहऱ्याचं थंबनेल लावलं की तो आकडा वाढतो, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. मोठ्या वाहिन्यांनी जे दाखवलं तेच तो शिकला. त्याला दोष देण्याआधी त्यांचा हिशेब झाला पाहिजे.

आणि आपणही आहोतच. २ नोव्हेंबर २०२३ला निवृत्त न्यायमूर्तींच्या भेटीनंतर जरांगे पाटलांनी दुसरं उपोषण थांबवलं, उपचारासाठी त्यांना छत्रपती संभाजीनगरला हलवलं. लक्ष्मीपूजन दहा दिवसांवर होतं. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या घराघरांत, पारावर, केस कापायच्या दुकानांत मोबाइलवर जी चित्रं फिरत होती, त्यांत सरकारच्या आश्वासनाचा मसुदा फार थोड्यांनी वाचला होता. घरच्यांचे बाइट सगळ्यांनी पाहिले होते, पुढे पाठवले होते, खाली हात जोडलेली आणि रडणारी चित्रं टाकली होती. हे प्रेमापोटीच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या प्रेमाची मागणी होती म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दारात गाड्या उभ्या राहिल्या.

तेव्हा दिवाळीच्या निमित्ताने आमच्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या पत्रकार मित्रांना आणि नव्याने मोबाइल हातात घेतलेल्या पोरांना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या पुन्हा आपल्याकडे एखादा माणूस मोठा होईल, कुणी उपोषणाला बसेल, कुणाची मुलगी अधिकारी होईल, कुणी सैन्यात कामी येईल. त्याच्या घरी जाल तेव्हा माइक लावायच्या आधी तीन गोष्टी सांगा. आम्ही काय विचारणार आहोत, हे कुठे दिसणार आहे, आणि तुम्हाला नको असेल तर आम्ही चहा घेऊन परत जाऊ. लेकरांना तर विचारूच नका, त्यांच्या आई-बापांनी पुढे केलं तरी विचारू नका. आणि एखादी बाई बोलता बोलता थांबली, तर कॅमेरा बंद करा. डेस्कवरून फोन आला तर सांगा की घरच्यांनी नकार दिला. तेवढं खोटं बोललात तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

वाचकांनाही एकच सांगणं आहे. असा बाइट तुमच्याकडे आला तर तो पुढे पाठवू नका.